कॅप्सूलवाल्यांना ब्लॉट दाखवायला सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एएमपीके ह्या एन्झाइमवर लेख आला, बरं वाटलं, कारण मी लॅबमध्ये बरीच वर्षं ह्याच्याच मागे आहे आणि घरी कुणाला सांगायला गेलं की सगळे जांभया देतात. पण लेखात त्याला सरळ 'चरबी जाळायचं बटण' करून टाकलंय आणि खालीच ते बटण दाबणाऱ्या कॅप्सूलची जाहिरात, म्हणून लिहितेय.

अहो, हे एन्झाइम पेशीचा हिशेब बघतं. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तीन फॉस्फेटवालं; तो खर्च झाला की दोन फॉस्फेटवाला एडीपी उरतो, पेशी दोन एडीपी मिळवून एक एटीपी परत काढते आणि मागे राहतो एकाच फॉस्फेटचा एएमपी, त्यामुळे एटीपी जरासा घटला तरी एएमपी कितीतरी पटीने वाढतो. तो एन्झाइमच्या गॅमा भागावर जाऊन बसला की अल्फा भागात १७२ नंबरच्या थ्रिओनिनवर (हे एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढतो, टिकतो, एन्झाइम चालू होतं आणि मग चरबी, कोलेस्टेरॉल बनवणं बंद. थोडक्यात काटकसर. आणि उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात, हेच चालू केलं तर भूक वाढते! हे कॅप्सूलच्या डबीवर कोण छापणार?

फॉस्फेट चढलाय का हे बघायला त्याच जागेची अँटिबॉडी (फॉस्फेट चढलेली तीच जागा ओळखून चिकटणारं प्रथिन) लागते, आणि वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांनी दाखवणाऱ्या चाचणीत, साधारण ६३ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) पट्टी दिसते. सुरुवातीला मी उंदराचं लिव्हर काढून दोन-तीन मिनिटं बर्फावर ठेवायचे, तर उपाशी उंदीर काय नि पोटभर खाल्लेला काय, दोघांच्या पट्ट्या सारख्याच काळ्याकुट्ट. रक्तपुरवठा तुटला, ऑक्सिजन संपला, एटीपी पडला, म्हणजे एन्झाइम माझ्या ढिलाईनेच चालू झालेलं! तेव्हापासून लिक्विड नायट्रोजन आधी, कात्री नंतर.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन ह्या औषधाचंच बघा, ते एएमपीके चालू करतं हे २००१ साली दिसलं आणि सगळ्यांना वाटलं कोडं सुटलं, पण २०१० मध्ये लिव्हरमध्ये एएमपीकेच नसलेल्या उंदरांचीही साखर त्याने उतरली.

तर पुढच्या वेळी जाहिरात घेताना एवढं विचारा: एकूण एएमपीकेची (फॉस्फेट असो वा नसो) पट्टी सोबत आहे का, एएमपीके पुढे ज्याच्यावर फॉस्फेट चढवतं त्या एसीसीवर (चरबी बनवणारं एन्झाइम) तो चढलाय का, आणि ज्या पेशीत हे एन्झाइम नाहीच तिथे तुमची पट्टी गायब होते का. त्यांनी ब्लॉट पाठवले तर छापा, मी बघेन.

— एक वाचक, पुणे