लाल पाटीवाले: रोटशिल्ड आडनाव आलं कुठून

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद. तू रोटशिल्ड ह्या बँकवाल्या घराण्यावरचा तो मेसेज ग्रुपवर टाकलास आणि काकांनी लगेच दोन अंगठे ठोकले, तेव्हाच म्हटलं फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा लिहूनच काढते, निवांत वाच. म्हणे ह्यांचं खरं आडनाव बाउअर, मग घराण्याचा मूळपुरुष मायर आमशेलने दुकानावर लाल पाटी लावली आणि नाव बदललं, आणि तिथून जग विकत घ्यायला निघाले. अरे तू राहतोस फ्रँकफुर्टात! ही सगळी गोष्ट तुझ्या शहरात घडलीय, ट्राममध्ये बसलास की पोचशील.

१४६२ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ज्यू लोकांना हुकूम काढून जुन्या तटाला लागून एका गल्लीत राहायला पाठवलं, यूडनगासं म्हणतात ती. गल्लीला दारं, रात्री बंद, रविवारी बंद, ख्रिश्चन सणावारी पण बंद. सुरुवातीला मोजकी कुटुंबं होती, दीडशे वर्षांत तीन हजारांच्या आसपास माणसं झाली, आणि गल्ली काही वाढवून देईनात, मग काय, माळ्यावर माळे चढवा, घराचे भाग पाडा, मागच्या अंगणात अजून एक घर बांधा. आडनाव बहुतेकांना नव्हतंच. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं, आपलं मधलं नाव असतं ना तसंच. मायर आमशेल म्हणजे आमशेलचा मुलगा मायर, संपलं. पण एकाच गल्लीत इतके आयझॅक आणि इतके मोझेस, मग कोणता आयझॅक? तर लाल पाटीच्या घरातला. घरांना नंबर नव्हते, दारावर चित्राची खूण असायची, लाल मेंढा, पांढरा मेंढा, ससाणा, असली.

तर आयझॅक एल्हानान नावाचा माणूस १५६० च्या दशकात त्या लाल पाटीच्या, किंवा ढालीच्या म्हण, घरात राहायला आला, तिथून रोटशिल्ड, जर्मनमध्ये रोट म्हणजे लाल आणि शिल्ड म्हणजे पाटी किंवा ढाल. मायर जन्मला १७४४ मध्ये, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षं नंतर! तो कुठून बदलणार नाव? आणि मजा तर पुढेच आहे, घर बदललं की लोक खूणही बदलायचे, नव्या घराचं नाव लागायचं, पण आयझॅकचे वंशज सतराव्या शतकात ते घर सोडून हिंटरफान नावाच्या, म्हणजे फान नावाच्या घरामागच्या घरात गेले तरी रोटशिल्डच राहिले. मायर तिथेच वाढला, बारा वर्षांचा होईतो आईबाप दोघेही गेले, जुनी नाणी विकता विकता वर आला, आणि १७८० च्या दशकात त्याने घर घेतलं ते हिरव्या पाटीचं. लाल पाटीवाले हिरव्या पाटीत राहायला! कुणी नाव बदलत बसलं नाही.

त्याची बायको गुटलं मला फार आवडली. मुलगे पाच, फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस असे पाच शहरांत बँका काढून बसलेले, वाडे बांधलेले, आणि बाई मात्र त्याच अरुंद गल्लीतल्या घरात, १८४९ मध्ये गेली तोवर, पंच्याण्णव वर्षांची. मुलांनी किती विनवलं असेल. (तुझ्या आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणेल बघ, मी सांगतच होते. नको दाखवू.)

आणि तुझा तो ब्लॅक होलवाला श्वार्झशिल्ड, ज्याला सगळे श्वार्झचाइल्ड म्हणतात, तोही ह्याच गल्लीच्या घराण्यातला, काळ्या पाटीचा! कार्ल, जन्म १८७३, फ्रँकफुर्टच. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याने आइन्स्टाइनची समीकरणं सोडवली आणि १९१६ च्या मे मध्ये बेचाळिसाव्या वर्षी आजारपणात गेला. त्याच्यावर कोणी मेसेज बनवत नाही.

आपल्या कोकणात बेने इस्रायल ज्यूंनी गावावरून आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर, झिराडकर, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. त्यांना गाव चिकटलं, ह्यांना दारावरची पाटी. त्यात कसलं आलंय गुपित?

उन्हाळ्यात आम्ही आलो होतो तेव्हा तू ऑफिसला गेलास की मी आणि बाबा हिंडायचो, तेव्हाच त्या गल्लीचं म्युझियम पाहिलं. १९८७ मध्ये सरकारी इमारतीसाठी खोदताना जुन्या घरांचे पाये, विहिरी, स्नानाची कुंडं सापडली, त्यातल्या पाच घरांचे अवशेष आता तळघरात जपलेत. बाजूच्या जुन्या कब्रस्तानात मायरची कबर आहे आणि भोवतीच्या भिंतीत बोटाएवढे धातूचे ठोकळे बाहेर आलेत, एकेका माणसाचं नाव, अकारविल्हे, नाझींनी फ्रँकफुर्टातून नेऊन मारलेले जवळपास बारा हजार ज्यू. लोक ठोकळ्यांवर खडे ठेवून जातात. आर वर आले तर रोटशिल्ड, परत रोटशिल्ड, ज्यांचा त्या बँकवाल्यांशी बहुधा काही संबंध नव्हता, बाबा एकेक वाचत उभे राहिले. तो मेसेज वाचून मला हेच आठवलं, म्हणून जरा राग आला.

तर आता ग्रुपवर तूच लिही, मी लिहिलं तर काका म्हणतील वहिनी रिटायर झाल्यापासून फार वाचायला लागल्या. मेतकूट आणि भाजणी कुरियरने पाठवलीय, कस्टमवाल्यांनी उघडून बघितली तर डाळीचं पीठ आहे म्हणून सांग, आणि रविवारी आमच्या जेवणाआधी फोन कर.

तुझी,
आई