संख्याशास्त्राची पाच वर्षे सलग हवीत

महोदय,

बीएस्सीला शिकवून झालेली संभाव्यता वितरणे (कोणती गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे मांडणारी सूत्रे) एमएस्सीच्या पहिल्या सत्रात पुन्हा शिकवण्यात माझी कित्येक वर्षे गेली. मुले निरनिराळ्या महाविद्यालयांतून येतात, पाया सारखा नसतो, इलाज नव्हता. पण त्यात गेलेले महिने नमुना पाहणीला, म्हणजे निवडक घरांच्या माहितीवरून सर्वांचा अंदाज बांधण्याच्या कामाला, हवे होते. प्रश्नावली स्वतः तयार करून गावात घरोघर फिरल्याशिवाय, उत्तर न देणाऱ्या घरांचे काय करायचे हे कुणालाच नीट उमगत नाही.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत चांगल्या गुणांनी बी.स्टॅट ऑनर्स ही संख्याशास्त्राची पदवी घेतलेले विद्यार्थी प्रवेश परीक्षेशिवाय एम.स्टॅट या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात, तीन आणि दोन अशी पाच वर्षे एका धाग्यात येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण जोडणाऱ्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला वाव आहे. कोल्हापूरच्या डॉ. व. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठात हा विषय रुजवला, त्या महाराष्ट्राने मागे का राहावे? मात्र तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा हवीच. घरच्या अडचणी सांगून येत नाहीत. विद्यापीठांनी निदान एकेका विभागात ही सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा