सूर जागेवर, टोन भलताच: सोलापूरच्या स्टुडिओवाल्यांकडून आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा) बदलला की इक्वलायझर प्लगिन, म्हणजे आवाजातले पट्टे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर, भलताच टोन देत होतं. त्यापायी गड्ड्याच्या यात्रेआधी भजनांची मिक्स अडून बसली होती, ती तुमच्यामुळे सुटली. तुमची पद्धत इथल्या बाकीच्या रेकॉर्डिंगवाल्यांनाही लागणार, म्हणून आभार उघड पत्रातूनच मानतोय.

तुम्ही आधी एवढंच विचारलंत: सूर चढलाय की नुसता टोन बदललाय? ४४१०० सँपल रेटची फाइल तशीच ४८००० वर वाजली, तर सूर पेटीवर जवळजवळ दीड पट्टी चढतो आणि लयही पळते. अशा वेळी इंटरफेसची (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याची) सेटिंग आणि फाइल इम्पोर्ट तपासायचं, इक्वलायझरला हात लावायचा नाही. सूर जागेवर असेल तरच प्लगिनवर संशय.

तो पक्का करायची तुमची चाचणी तर फारच कामाची. ४८००० च्या प्रोजेक्टमध्ये १००० हर्ट्झवर बेल (एका कंपनसंख्येभोवती घंटेच्या आकाराची वाढ), वाढ १२ डीबी, क्यू १०, म्हणजे बेल अगदी अरुंद. मग आधी १००० ची साइन (एकाच कंपनसंख्येचा शुद्ध स्वर) सोडायची, नंतर १०८८ ची. पूर्ण १२ डीबी दुसरीला मिळाले, म्हणजे प्लगिनने कोएफिशंट (फिल्टरच्या गणितातले गुणक) ४४१०० धरूनच काढलेत. असं असेल तर ९६००० वर हाच बेल २१७७ हर्ट्झवर जाऊन बसतो. स्क्रीनवरचा ग्राफ मात्र १००० च दाखवत राहतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही.

रेट बदलल्यावर ट्रॅक एकदम मुका का होतो, तेही कळलं. रेट शून्य असतानाच कोएफिशंट काढले की शून्याने भागाकार होतो आणि ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’ असं निकामी उत्तर) तयार होतो. तो एकदा फिल्टरच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आधीचं उत्तर पुन्हा आत घेणाऱ्या फेऱ्यात, शिरला की नवे कोएफिशंट देऊनही जात नाही; फिल्टरने साठवलेली जुनी सँपलही पुसावी लागतात. प्लगिन लिहिणाऱ्याला हे जसंच्या तसं कळवलंय.

झांजेचा प्रश्न वेगळा निघाला. ४४१०० वर १६ किलोहर्ट्झचा बेल उजवीकडून (वरच्या कंपनसंख्यांच्या बाजूने) चेपतो, कारण बायलिनियर ट्रान्सफॉर्म, म्हणजे अ‍ॅनालॉग फिल्टर डिजिटलमध्ये आणायचं सूत्र, अ‍ॅनालॉगचा अनंतापर्यंतचा पट्टा २२०५० हर्ट्झच्या (रेटच्या निम्म्या) आत कोंबतो आणि त्या टोकाला बेलची वाढ शून्य डीबीवर येते. हा बग नव्हे, गणितच तसं आहे. त्यावर ‘सगळा प्रोजेक्टच ९६००० वर न्या’ असा सल्ला जो तो देतो. तुम्ही फक्त त्या इक्वलायझरचं ओव्हरसँपलिंग (प्लगिनने आतल्या आत वाढीव रेटवर काम करणं) दुप्पट करायला सांगितलंत, आणि आमच्या मते तेच शहाणपणाचं: सीपीयूवरचा जास्तीचा भार त्या एका प्लगिनपुरताच राहतो. गळ्याचं ३ किलोहर्ट्झचं कटिंग असेल तर तेवढंही नको.

लिनियर फेजमध्ये (सगळ्या कंपनसंख्यांना सारखाच उशीर देणाऱ्या इक्वलायझरमध्ये) ४०९६ टॅप, म्हणजे फिल्टरची लांबी सँपलमध्ये, कायम ठेवून ४४१०० वरून ९६००० वर गेलं, तर खालच्या पट्टीतली बारकाई १०.८ हर्ट्झवरून २३.४ हर्ट्झवर घसरते. तबल्याच्या डग्ग्यावर हे लगेच ऐकू येतं; टॅप ८१९२ केले की बरंचसं सावरतं.

तुमच्या दोन्ही साइन आता आमच्या टेम्प्लेटमध्ये कायमच्या ठेवल्यात. मनापासून आभार.

आपले,
सोलापूरचे काही स्टुडिओवाले