दे इकडे, मीच करते

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अभिनंदन फोनवर झालंच आहे, आता कामाचं लिहिते. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणारी सात-आठ माणसं आता तुला रिपोर्ट करतात. बढती मिळाली ती तुझा स्वतःचा हात कामाला चांगला आहे म्हणून, आणि गाडी घसरते तीही नेमकी तिथेच. कुणाचं काम जरा रेंगाळलं की तोंडातून निघतं, "दे इकडे, मीच करते." महिन्याभरात तुझं टेबल भरतं आणि बाकीचे तुझ्या सहीची वाट बघत बसतात.

याला साधा हिशोब आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगेचा एक नियम गणिताने सिद्ध केला: रांगेत सरासरी जितकी कामं आहेत त्यांना आठवड्याला उरकणाऱ्या कामांनी भाग, म्हणजे एका कामाला सरासरी किती आठवडे थांबावं लागतं ते कळतं. तुझ्याकडे ३० गोष्टी पडून आहेत आणि आठवड्याला ५ हातावेगळ्या होतात, तर प्रत्येकाला सरासरी सहा आठवडे. रात्री उशिरापर्यंत बसून पाचाच्या सहा केल्यास, तरी पाच आठवडे. पण त्यातल्या २० दुसऱ्यांनी ठरवायच्या होत्या आणि तुझ्याकडे यायलाच नको होत्या असं निघालं, तर उरलेल्या दहांना दोन आठवडे पुरतात. मात्र नवीन येणाऱ्यांनाही वाट दाखवावी लागते. आठवड्याला पाचाहून जास्त येत राहिल्या तर ढीग परत उभा राहतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात काही बदलू नकोस. एक वही ठेव आणि तुझ्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न लिही: कोणी विचारला, काय विचारलं, तू काय सांगितलंस, आणि त्या माणसाने स्वतः ठरवलं असतं तर काही वेगळं झालं असतं का. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. त्यात "नाही" ही नोंद इतक्यांदा येईल की तुलाच कसंतरी होईल. मग प्रश्नांचे तीन ढीग कर: करून टाका, करा आणि मला कळवा, आधी विचारा. ढीग ठरवताना काम किती मोठं आहे ते बघू नकोस, चुकलं तर परत फिरवता येतं का ते बघ. ग्राहकाला दिलेला शब्द, पैशाची बांधिलकी, कुणाचा पगार किंवा नोकरी, पुसली जाणारी माहिती, हे तिसऱ्या ढिगात. खर्चाची मर्यादा आकड्यात आणि लेखी दे. जबाबदारी दिली पण प्रत्येक खरेदीला सही तुझीच, याला काम सोपवणं म्हणत नाहीत. अपयशाचा धनी तेवढा दुसरा नेमला जातो.

सोपवण्याची रीत जरा जवळून बघ. "अहवालाचं आता तू बघ" एवढ्याने काही हातात जात नाही. असं सांग: "दर महिन्याच्या ५ तारखेला संध्याकाळपर्यंत अहवाल वर गेलेला हवा. मांडणी तुझी तू ठरव. मागच्या महिन्यापेक्षा कुठला आकडा १० टक्क्यांहून जास्त हलला तर पाठवण्याआधी मला दाखव. ३ तारखेला कच्चा मसुदा घेऊन पंधरा मिनिटं बसू." काय, कधी, कुठपर्यंत मोकळीक, कुठे थांबायचं, मध्ये कधी भेटायचं, सगळं आलं. मग "समजलं ना?" विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. "सुरुवात कुठून करशील?" असं विचार. उत्तरातच कळतं काय पोचलं आणि काय नाही.

३ तारखेला मसुदा येईल आणि त्यात चुका असतील. तुला तो वीस मिनिटांत नीट करता येईल, म्हणूनच करू नकोस. चुकांवर खूण कर, कारण सांग, परत दे. पहिले दोन-तीन महिने यात तुझा वेळ वाचणार नाही, उलट जास्त जाईल. पण एकदा तू दुरुस्त करून दिलास की पुढच्या महिन्यापासून अर्धाकच्चाच येतो, कारण "ती बघेलच की".

आता नावडतं काम. पूर्वीच्या मैत्रिणीला चूक दाखवायची तू टाळशील, मग एक दिवस बांध फुटल्यासारखं बोलशील: "हल्ली तुझं लक्षच नसतं कामात." यावर समोरचा माणूस फक्त स्वतःला वाचवतो. घडलेलं सांग, एक-दोन दिवसांच्या आत, दार लावून: "मंगळवारची आणि गुरुवारची यादी दुपारी आली. सकाळी ११ ला हवी होती. पॅकिंगवाले तीन-तीन तास बसून राहिले. काय अडतंय?" आणि गप्प बस. हे गप्प बसणं फार जड जातं, तरी बस. अडण्याचं कारण साधारण चारांपैकी एक निघतं: काय अपेक्षित आहे ते माहीत नव्हतं, कसं करायचं ते येत नव्हतं, मध्ये कुणीतरी अडवत होतं, किंवा करायची इच्छाच नाही. पहिली तीन तुझ्याकडची कामं आहेत. चौथ्याला एचआर आहे, पण तिथे तारखा लागतात, म्हणून बोलणं झाल्याच्या दिवशीच दोन ओळी लिहून ठेव. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये कुणालाही नवीन काही ऐकायला मिळालं, तर ती चूक मॅनेजरची.

प्रत्येकाबरोबर पंधरवड्याला अर्धा तास दोघंच बसा. कामाचा हिशोब तिथे घेऊ नकोस, तो कागदावर मिळतो. भेट पुढे ढकल, पण रद्द करू नकोस. दोनदा रद्द झाली की खरं बोलणं बंद होतं आणि मग थेट राजीनामाच हातात पडतो.

मीटिंगबद्दल एवढंच: आठ जणांचा एक तास म्हणजे आठ तास, एका माणसाचा अख्खा दिवस. निर्णय, कोण, कधीपर्यंत, हे तीन रकाने भरत नसतील तर मेलवर भागतं.

काम मागे पडलं की वरून विचारतील, "अजून माणसं देऊ का?" हो म्हणायची घाई नको. पाच जणांत आपापसात बोलायच्या १० जोड्या होतात, आठांत २८, बारांत ६६. त्यात नव्यांना शिकवायला जुनेच बसतात. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे आयबीएममध्ये असं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. त्यापेक्षा कामाचा कुठला भाग नंतर दिला तर चालेल ते वरिष्ठांना विचार. आणि उशीर होणार हे दिसताच सांग, तारखेच्या आदल्या दिवशी नको. सोबत दोन पर्याय घेऊन जा.

टार्गेट लावताना एकट्या आकड्यावर विसंबू नकोस. "तक्रार २४ तासांत बंद" म्हटलं की तक्रारी बंद होतात, सुटतातच असं नाही. शेजारी दुसरा आकडा ठेव: बंद केलेल्यांपैकी किती पुन्हा उघडल्या.

आणि तुझ्याबरोबर ज्याचंही नाव या जागेसाठी होतं, त्याच्याशी याच आठवड्यात बोल. समजूत घालायला जाऊ नकोस, त्याला तेच सगळ्यात लागेल. कुठलं काम पूर्णपणे त्याच्या हातात हवंय ते विचार, आणि जमण्यासारखं असेल तर दे, अहवालासारख्याच पाच गोष्टींसकट: काय, कधी, कुठपर्यंत मोकळीक, कुठे थांबायचं, मध्ये कधी भेटायचं.

रविवारी फोन करशील तेव्हा वही जवळ ठेव. शेवटच्या रकान्यात किती वेळा "नाही" आलं ते सांग.

तुझी,
आई