सोव्हिएत कोपेक : १९६१ची रेघ सर्व नाण्यांना लागू नाही

मा. संपादक,
स. न.

सोव्हिएत नाण्यांची मांडणी करताना १९६१ ही सीमा धरून ‘बाद’ आणि ‘चालू’ असे दोन ढीग केले जातात. १, २ व ३ कोपेकांच्या (शंभर कोपेकांचा एक रुबल) बाबतीत हे साफ चूक आहे.

१ जानेवारी १९६१ला दहा जुन्या रुबलांचा एक नवा रुबल झाला. नोटा आणि ५ ते २० कोपेकांची जुनी नाणी तीन महिन्यांत बदलून घ्यायची होती. १, २, ३ कोपेक मात्र जुन्याच दर्शनी किमतीला चालू राहिले. ज्यांच्याकडे हा खुर्दा होता, त्यांच्यासाठी त्याची किंमत रातोरात दहापट झाली! डिसेंबर १९४७मध्येही नोटा दहास एक दराने बदलल्या गेल्या, तेव्हा नाण्यांना हात लागला नव्हता. म्हणजे १९४०चा ३ कोपेक दोन्ही चलनबदलांतून तरून १९६१नंतरही गल्ल्यात फिरू शकत होता. त्याची जागा नव्या नाण्यांच्या शेजारीच हवी. व्यास आणि वजनही तेच राहिले : १ कोपेक १५ मिमी व १ ग्रॅम, २ कोपेक १८ मिमी व २ ग्रॅम, ३ कोपेक २२ मिमी व ३ ग्रॅम.

नोंदवहीत आणखी एक गोष्ट लिहावी. देशात दहापट मोठा झालेल्या रुबलचे सरकारने ठरवलेले सोने-मूल्य ०.२२२१६८वरून ०.९८७४१२ ग्रॅमवर गेले, म्हणजे जेमतेम ४.४ पट. डॉलर ४ रुबलांचा होता तो ४० कोपेकांचा व्हायला हवा होता. झाला ९० कोपेकांचा. हे उघड अवमूल्यनच होते.

वर्ष झिजले असेल तर दहापट भिंगाखाली राजचिन्हातील कणसांवरचे फितीचे वेढे मोजावेत; एकेक वेढा म्हणजे संघातले एकेक प्रजासत्ताक. १९३७ ते १९४६च्या नाण्यांवर ११, १९४८ ते १९५६वर १६ आणि १९५७वर १५ वेढे असतात, कारण १९५६मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियात विलीन झाले. मोजताना खालचा, मधला वेढा हमखास सुटतो. १९७०चे ५ आणि १५ कोपेक दुर्मिळ आहेत. घेण्यापूर्वी शेवटच्या आकड्याभोवती कोरल्याच्या खुणा आहेत का, ते तिरप्या उजेडात पाहावे.

कृपया ही नाणी चिंच-मिठाने किंवा लिंबाने घासू नका. १९६१नंतरचे लहान कोपेक पितळी आहेत. आम्लाने त्यातले जस्त आधी निघते, तांबूस डाग उरतात आणि ते जात नाहीत. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून टिपून घेणे पुरेसे असते. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून. मऊ पीव्हीसीची पाकिटे आपल्या दमट हवेत हिरवा चिकट थर सोडतात, तेव्हा कडक पॉलिएस्टरची घ्यावीत आणि डब्यातील सिलिका जेल पावसाळ्यात वरचेवर बदलावे.

— एक नाणेसंग्राहक, ठाणे