नावे सारखी वाजली म्हणून देव एक होत नाहीत

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

‘ख्रिस्त म्हणजेच कृष्ण’ अशा धर्तीची विधाने देवदेवतांविषयीच्या लेखांत आणि वाचकांच्या पत्रांत वरचेवर येतात. छापण्याआधी नावाचे जुने रूप आणि त्याच भाषेतला त्याचा अर्थ पाहिला, तर यातली बरीच गळून पडतील. ‘ख्रिस्तोस’ हा ग्रीक शब्द, अर्थ ‘अभिषिक्त’; हिब्रूतल्या ‘माशीआख’चे ते भाषांतर. ‘कृष्ण’ म्हणजे काळा, सावळा. धातू वेगळा, अर्थही वेगळा.

फसगत होते ती आजचे उच्चार शेजारी ठेवल्याने. ग्रीक ‘थेओस’ आणि लॅटिन ‘देउस’ दोन्हींचा अर्थ देव, म्हणून दोन्ही आपल्या ‘देव’चे भाऊ असे सर्रास लिहिले जाते. ‘देउस’ आहे, ‘थेओस’ नाही. संस्कृत ‘द’ला ग्रीकमध्ये ‘द’च येतो: दश, देका. ग्रीक ‘थ’ येतो तो ‘ध’च्या जागी: धूम, थुमोस. ‘देव’चा खरा ग्रीक सोयरा झेउस. त्याची षष्ठी ‘दिओस’, आपली ‘दिवः’. वेदातला ‘द्यौष् पितर्’, ग्रीकांचा ‘झेउस पातेर’ आणि रोमनांचा ‘यूप्पितेर’, म्हणजे ज्युपिटर, ही एकाच मूळ नावाची रूपे.

अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाबाबत तर जास्तच जपायला हवे. तिथे ‘स’चा ‘ह’ होतो: सोम-हओम, सप्त-हप्त, असुर-अहुर. ऋग्वेदात वरुणाला आणि इंद्रालाही ‘असुर’ म्हटले आहे, तो तिथे गौरवाचा शब्द आहे. दैत्य हा अर्थ नंतर रूढ झाला. इराणी परंपरेत अहुर मझ्दा सर्वश्रेष्ठ राहिला आणि ‘दएव’ दुष्ट ठरले. तेव्हा ‘दएव’चे भाषांतर ‘देव’ केले की वाक्याचा अर्थच उलटतो. ‘इंद्र’ हे नाव तिथे दएवांत मोजले जाते, पण ‘वृत्रघ्न’ या त्याच्याच उपाधीचे इराणी रूप, वेरेथ्रघ्न, विजयाचा पूज्य देव आहे. नाव एका बाजूला गेले, उपाधी दुसऱ्या! अशा ठिकाणी ‘हा म्हणजे तो’ हे एका ओळीत सांगताच येत नाही.

उलटही घडते. जपानची बेन्झाइतेन ऐकायला सरस्वतीच्या जवळपासही नाही, पण आहे ती सरस्वतीच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती तिथे पोचली. ‘बेन’मध्ये वाणी आहे आणि ‘तेन’ हे ‘देव’चे भाषांतर. हातात वीणेऐवजी बिवा, तीही तंतुवाद्यच. तिथला एम्मा मात्र यमाचे नाव ध्वनीसकट घेऊन गेलेला.

आपल्याकडे ही नावे बहुधा इंग्रजी स्पेलिंगवरून येतात आणि तिथेच जुने रूप हरवते. नावाशेजारी मूळ भाषा आणि मूळ उच्चार कंसात देण्याची पद्धत आपण सुरू करावी, ही विनंती. एका ओळीची जागा त्याला पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक