टर्नरच्या चित्राचा तो कोपरा का कापला?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश समुद्रचित्रांवरचा लेख वाचला. मेहनत घेतलीये हे दिसतं, ब्रिटिश चित्रकार टर्नरच्या 'टेमेरेअर' या चित्रावर तर भरभरून लिहिलंय. ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत लढलेलं 98 तोफांचं जहाज, वाफेवरची काळी टगबोट त्याला भंगारात ओढून नेतेय, शिडांचा जमाना संपला आणि इंजिनाचा आला, सगळं मान्य. पण त्याच टर्नरने पुढच्याच वर्षी, 1840 मध्ये, गुलामांच्या जहाजाचं चित्र प्रदर्शनात मांडलं त्याला फक्त दोन ओळी, आणि त्याही 'वादळाचे अप्रतिम रंग' म्हणून?

वर फोटो छापलाय त्याचा उजवीकडचा खालचा कोपराच कापलाय, तिथे जाहिरात. अहो त्या कोपऱ्यातच तर सगळं आहे! पाण्याबाहेर आलेला एक पाय, घोट्याला बेडी, त्याच्यावर तुटून पडलेले मासे, जरा पलीकडे बुडणारे हात आणि साखळ्या. तेवढं काढलं की उरतो नुसता सूर्यास्त.

मला हे इतकं लागलं कारण कॉलेजात आमच्या सरांनी हीच स्लाइड दाखवली होती, तासभर लाल-पिवळ्यावर बोलले, मी विचारलं सर तो पाय कोणाचा, तर म्हणाले विषयात शिरू नका, रंग बघा. ते उत्तर अजून डोक्यातून जात नाही. नंतर माझं मीच वाचलं तेव्हा कळलं की 1781 मध्ये गुलाम नेणाऱ्या झोंग नावाच्या जहाजावरून 130 च्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला, माणशी 30 पौंड. खटला चालला तो विम्याचा, खुनाचा नाहीच. चित्रामागे हीच घटना असावी असं बरेच अभ्यासक मानतात. कलासमीक्षक रस्किनच्या तर घरात हे चित्र होतं, त्यानेसुद्धा लाटांच्या रंगांचं तोंडभर कौतुक केलं आणि गुलामांचा विषय तळटीपेत टाकला.

ब्रिटनचा इतिहास समुद्रचित्रांत बघायचा तर ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच बघायला हवीत. टेमेरेअर लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि आता 20 पौंडांच्या नोटेवरही, गुलामांचं जहाज मात्र विकलं गेलं आणि पोचलं अमेरिकेत, बोस्टनच्या म्युझियममध्ये. गुलामगिरी बंद करायचा कायदा 1833 चा, त्यात 2 कोटी पौंड भरपाई ठरली ती मालकांना, ज्यांना राबवलं त्यांना छदामही नाही. कुठलं जहाज मिरवायचं हेही त्या देशानेच ठरवलं ना, मग लेखात हे यायला नको?

पुढच्या रविवारी ते चित्र अख्खं छापा, जाहिरात दुसऱ्या पानावर जाऊ दे. आणि कृपा करून चित्राखाली साल आणि म्युझियमचं नाव टाकत जा, प्रत्येक वेळी 'सौजन्य: इंटरनेट' वाचून कंटाळा आलाय.

आपला एक नियमित वाचक